एक एकर तेरा गुंठ्यांचा खेळ

२०१२ साली पुण्याच्या नावाने खेळणाऱ्या एका संघाने लंकेत जाऊन दिल्लीच्या संघाचा सहा विरुद्ध शून्य असा पराभव केला आणि भारत, पाकिस्तान व श्रीलंका या तीन देशांचे संघ असलेल्या स्पर्धेचे अजिंक्यपद पटकावले, ही घटना महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात जितकी निर्विवाद आहे, तितकीच ती महाराष्ट्राला अज्ञात आहे. खेळ होता अमेरिकन फुटबॉल, स्पर्धा होती ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ आणि विजेत्या संघाचे नाव होते ‘पुणे मराठाज’. पुण्याहून सातारा रस्त्याने सुमारे पस्तीस किलोमीटरवर, भोर तालुक्यात, चेलाडी फाट्याला लागून असलेल्या नसरापूरला या विजयाचा गंध असण्याचे काही कारण नव्हते. तरीही प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा खेळ मुळापासून उमजण्याची पात्रता अमेरिकेबाहेर कोणाच्या अंगी जन्मजात असेल, तर ती नसरापूर-वेल्हे पट्ट्यातील भातखाचराच्या मालकाच्या अंगी आहे. फक्त त्याला तसे कोणी सांगितले नाही.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. ‘फुटबॉल’ या नावावर कोणी फारसे विसंबू नये, कारण यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता आणि वजनाला सुमारे चारशे ग्रॅम. तो हाताने फेकायचा, झेलायचा, किंवा काखोटीला मारून समोरच्या अकरा धिप्पाड इसमांच्या अंगावर चालून जायचे, असा सारा प्रकार आहे. ज्या बाजूकडे चेंडू असतो तिला चार संधी मिळतात, ज्यांतील प्रत्येकीस ‘डाऊन’ म्हणतात, आणि या चार संधींत मिळून दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटर चौदा सेंटिमीटर, एवढे पुढे सरकावे लागते. तेवढे साधले तर पुन्हा नव्या चार संधी. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली. असे रेटत रेटत समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत चेंडू पोहोचवला की ‘टचडाऊन’ होतो व त्याचे सहा गुण मिळतात. त्यानंतर लाथेने चेंडू दोन खांबांमधून पाठवला तर आणखी एक. दुरूनच लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवणे यास ‘फील्ड गोल’ म्हणतात व त्याचे तीन गुण असतात. आणि चेंडू धरणाऱ्यास त्याच्याच हद्दीच्या शेवटच्या पट्टीत लोळवले तर लोळवणाऱ्यास दोन गुण मिळतात, ज्यास, कोणाच्या तरी विनोदबुद्धीमुळे, ‘सेफ्टी’ असे नाव आहे.

हे वर्णन वाचून शहरी वाचक बुचकळ्यात पडतो. भोर-वेल्ह्याकडील वाचक मात्र शांतपणे मान डोलावील, कारण त्याच्या लेखी हा बांध कोरण्याचा खेळ आहे. या भागातील भातखाचरांना पाणी धरून ठेवण्यासाठी चारी बाजूंनी मातीचे बांध असतात, हे बांध दरसाल पावसाळ्याच्या तोंडी तासून साफ करण्याची रीत आहे, आणि तासताना फावडे किंचित पलीकडे झुकते, ही त्या फावड्याची सवय आहे, माणसाचा त्यात दोष नाही. यंदा चार बोटे, पुढल्या साली वीतभर, असे करत एक पिढी सरेपर्यंत खाचर फूट-दीड फूट रुंदावते. शेजाऱ्याचे फावडेही त्याच गुणाचे असल्यामुळे बांध दोन्हीकडून झिजून असा काही सडपातळ होतो की, त्यावरून चालताना माणसाला दोन्ही हात पसरून तोल सावरावा लागतो. अमेरिकन माणसाने यात दोनच सुधारणा केल्या. एक, कोरण्याचे काम उघडपणे, गणवेश घालून, पंचांसमक्ष करण्याची मुभा दिली. आणि दोन, जे काम आपल्याकडे पावसाळ्यागणिक एकदा होते ते दर चाळीस सेकंदांनी करण्याचे बंधन घातले.

हे साम्य वरवरचे नाही, हे नियमांच्या तपशिलात शिरले की लक्षात येते. प्रत्येक डाऊन सुरू होण्यापूर्वी चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो, दोन्ही संघ त्याच्या दोन अंगांना समोरासमोर ओणवे होतात, आणि चेंडूच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरचा, आडवा पट्टा कोणाचाच नसतो; नियमपुस्तकात त्याला तटस्थ क्षेत्र म्हटले आहे. चेंडूवर हात ठेवून मध्यभागी जो बसतो तो ‘सेंटर’. तो आपल्या दोन पायांच्या मधून चेंडू मागे उभ्या असलेल्या ‘क्वार्टरबॅक’च्या, म्हणजे संघाच्या कारभाऱ्याच्या, हाती देतो. त्या क्षणापूर्वी या अठ्ठावीस सेंटिमीटरमध्ये शिरून कोणी आगळीक केली तर पंच पिवळा रुमाल फेकतात आणि पाच यार्डांचा दंड होतो. वीतभर बांधावर पाऊल टाकले म्हणून साडेचार मीटर जमीन जागच्या जागी दुसऱ्याच्या नावे होते, फेरफार नोंद नाही, हरकतीची मुदत नाही, तलाठ्याची गाठ नाही, आणि दंड झालेला माणूस फक्त कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहतो! महसूल खात्याचा अनुभव असलेल्या प्रेक्षकास या खेळात जर काही अविश्वसनीय वाटले, तर ते खेळाडूंचे आकारमान नव्हे, ही झटपट अंमलबजावणी होय.

यापुढचे साम्य साखळीचे. दहा यार्ड पुरे झाले की नाहीत याबद्दल शंका आली, की मैदानाच्या कडेचे कर्मचारी दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची, म्हणजे तीस फुटांची, साखळी घेऊन आत येतात, ती ताणून धरतात, आणि हजारो लोक श्वास रोखून चेंडूचे टोक काठीपर्यंत पोचले का ते पाहतात. पश्चिम महाराष्ट्रात जमीनमोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागेचा एक गुंठा. म्हणजे दोन संस्कृतींमधला फरक अवघा तीन फुटांचा आहे. यातली खरी मौज अशी की, खेळाडू जिथे कोसळला ती जागा पंच केवळ नजरेने ठरवतात, ढिगाऱ्याखालून चेंडू ओढून काढून साधारण अंदाजाने तिथे ठेवतात, आणि मग त्या अंदाजाची मोजणी साखळीने सुतासुतापर्यंत करतात. जिथून मोजायचे तो दगडच कोणी तरी रात्री सरकवलेला, पण मोजणी मात्र बिनचूक, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. अलीकडे तिकडे २०२५च्या हंगामापासून साखळीऐवजी कॅमेऱ्यांनी मोजण्याची व्यवस्था आली आणि साखळी अडीअडचणीपुरती उरली. इकडेही भूकरमापक आता उपग्रहाशी बोलणारे रोव्हर नावाचे यंत्र घेऊन बांधावर येतात. यंत्र आल्यामुळे वाद मिटल्याची नोंद मात्र दोन्ही देशांत नाही. प्रशिक्षकास पंचाचा निर्णय अमान्य असल्यास तो लाल रुमाल मैदानात भिरकावतो, ज्याचा अर्थ ‘हरकत’. हरकत फेटाळली गेली तर त्याच्या वाट्याची एक विश्रांती कापली जाते. आपल्याकडे हरकत फेटाळली गेली की माणूस प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात जातो, आणि विश्रांती दोन्ही पक्षांच्या नातवंडांची कापली जाते.

घड्याळातला खेळ साठ मिनिटांचा असला तरी सामना तीन तासांहून अधिक चालतो, आणि अमेरिकेतल्याच एका वर्तमानपत्राने मोजून पाहिले तेव्हा या तीन तासांत चेंडू प्रत्यक्ष हालचालीत असण्याचा काळ सुमारे अकरा मिनिटांचा निघाला. उरलेला वेळ उभे राहणे, घोळका करून कुजबुजणे, कमरपट्टे सावरणे आणि पंचांच्या तोंडाकडे पाहणे यांत जातो. तालुक्याच्या ठिकाणी तारखेला गेलेल्या माणसाला हे प्रमाण उदार वाटेल.

मैदानाचा हिशोबही याच मापाने करणे सोयीचे. दोन्ही टोकांच्या पट्ट्या धरून ते एकशे वीस यार्ड लांब व सव्वात्रेपन्न यार्डांहून किंचित अधिक रुंद असते, जे मीटरमध्ये साधारण ११० बाय ४९ होते, आणि गुंठ्यांत मोजले तर एक एकर तेरा गुंठे भरते. एवढे क्षेत्र सपाट, सलग, एका नावावर आणि वादमुक्त असे डोंगरी वेल्ह्याकडे शोधायला जाणे धाडसाचे आहे. आणि महामार्गालगत नसरापूरच्या बाजूला ते सापडलेच, तर त्यावर चेंडू ठेवण्याआधी ‘एनए प्लॉट, बँक लोन उपलब्ध, स्विमिंग पूल, क्लब हाऊस’ असा फलक रोवला जाईल. तो फलक एका परीने अमेरिकन मैदानाचाच नकाशा असतो, चुन्याने आखलेल्या समांतर रेषा आणि त्यांवर क्रमांक. फरक इतकाच की, इथे एकदा गुंठा ज्याच्या हाती गेला तो पुन्हा चार संधी देत नाही.

आता प्रत्यक्ष हंगामाकडे वळावे. ऑगस्ट २०११ मध्ये या लीगची घोषणा झाली, तेव्हा तिच्यामागे पैसा लावणाऱ्यांत किंवा पाठीराख्यांत माइक डिट्का, कर्ट वॉर्नर, मायकल अर्विन, रॉन जॉवर्स्की यांसारखी अमेरिकन फुटबॉलमधली दिग्गज मंडळी, हॉलिवूडचा नट मार्क वॉलबर्ग आणि वडिलांकडून भारतीय वंशाचा खेळाडू ब्रँडन चिलर यांची नावे होती. संघ आठ: पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, कोलकाता वायपर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज, बंगळूर वॉरहॉक्स, कोलंबो लायन्स आणि पाकिस्तान वुल्फपॅक. खेळाडू आणायचे कुठून हा प्रश्न रग्बी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्स अशा क्षेत्रांतली काटक मुले निवडून सोडवण्यात आला आणि त्यांना शिकवायला अमेरिकन प्रशिक्षक आले. जी मुले उभ्या जन्मात समोरच्याला पकडायचे म्हणजे त्याचा घोटा धरायचा एवढेच शिकली होती, त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या आणि तोंडापुढे गज आले. कबड्डीपटूस या पोशाखाची सर्वांत मोठी अडचण कोणती झाली असेल, याचा तर्क करणे अवघड नाही: समोरच्याशी डोळ्याला डोळा भिडवून त्याची चाल ओळखणे हे ज्याचे अर्धे शस्त्र, त्याच्यापुढे लोखंडी जाळीआड एक अंधूक नाक काय ते उरले.

आणि मग, पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर ही सगळी शहरे आपापल्या जागी असताना, संपूर्ण हंगाम कोलंबोत सुगतदास स्टेडियमवर खेळवला गेला, त्याचे चित्रण करून ठेवण्यात आले, आणि काही काळाने ते टेन स्पोर्ट्स वाहिनीवरून टप्प्याटप्प्याने दाखवण्यात आले. म्हणजे पुण्याचा संघ पुण्यात न खेळता पुण्यासाठी जिंकला, आणि पुणेकरांना सामना दिसण्याआधी निकाल लागून गेलेला होता. जिल्ह्यात बालेवाडीला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले अवाढव्य क्रीडासंकुल हाताशी असताना हे घडले. महाराष्ट्रातून निघून समुद्र ओलांडून लंकेत पराक्रम गाजवण्याची परंपरा पंचवटीपासूनची आहे हे खरे, पण त्या जुन्या मोहिमेत परतीच्या प्रवासाची आणि स्वागताची सोय चोख होती, निरोप पुढे धाडायला खास दूत होता, आणि नगरात दिवे लागले होते. या वेळी दूताचे काम रिमोटवर सोपवले गेले, आणि रिमोट त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, मालिकांच्या चरणी, होता.

अंतिम सामन्याचा आकडाही प्रसिद्धीस पोषक नव्हता. सहा विरुद्ध शून्य ही गुणसंख्या या खेळात एक टचडाऊन करून जादा गुण हुकला तर होते, दोन फील्ड गोलांनी होते, आणि कोणी हट्टालाच पेटले तर तीन सेफ्टींनीही होते. पण क्रिकेटवर पोसलेल्या मराठी मनास ‘सहा’ म्हटले की एका फलंदाजाने एका चेंडूवर चुटकीसरशी मिळवण्याची गोष्ट आठवते, आणि गादीबंद बावीस पुरुष तीन तास एकमेकांवर आदळून एक षटकार निपजला, हे ऐकून ते सहानुभूतीने चहा मागवते.

खरी मेख मात्र याहून खोल असावी. पुण्याने दिल्लीला हरवले ही बातमी अठराव्या शतकात झाली असती, तर तिच्यावर बखरी निघाल्या असत्या, हे सर्वमान्य आहे; पण तेव्हाही मराठी माणसाने जपून ठेवले ते पराभव. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, हे शालेय पुस्तकापलीकडे फारसे कोणाच्या ओठांवर नाही. त्याच्या दहा वर्षे आधीचे पानिपत मात्र वाक्प्रचार होऊन आजतागायत परीक्षेच्या निकालापासून मंडळाच्या निवडणुकीपर्यंत कोठेही होत असते. कोलंबोत संघ शून्य विरुद्ध सहा असा हरला असता, शेवटच्या मिनिटाला कारभाऱ्याचा हात थरथरला असता आणि ऐन वेळी मुंबईकडून कुमक पोहोचली नसती, तर एव्हाना त्यावर एक त्रिखंडी कादंबरी, दोन नाटके आणि ‘चूक नेमकी कोणाची’ या विषयावर दरवर्षी व्याख्यानमालेत एक पुष्प ठरलेले असते. जिंकणे ही त्या खेळाडूंची व्यूहरचनेतली चूक होती.

जिंकलेच, तर पुरावा गावात आणून टांगावा, असा या परिसराचा शिरस्ता आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण नसरापूरलाच आहे. गावाजवळच्या वनराईत नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधवून घेतलेले बनेश्वराचे मंदिर आहे, आणि तिथे पोर्तुगीज बनावटीची, १६८३ साल कोरलेली घंटा आहे, जी १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेच्या हाती लागली, असे सांगतात. वसईच्या अशा घंटा भीमाशंकरास आहेत, वाईजवळ मेणवलीस आहेत. ज्यास मोहिमेची सनावळी ठाऊक नाही असा सहलीला आलेला शाळकरी मुलगाही टाच उंचावून ती घंटा बडवतो, आणि त्यामुळे वसईचा विजय पावणेतीनशे वर्षांनंतरही या भागात रोज कानावर पडतो. कोलंबोहून कोणती ढाल-चषकादी चीज आली असेल ती असो, ती बडवायला कोणाच्या हाती लागलेली नाही.

या संदर्भात जत्रेतल्या कुस्त्यांचे मैदान विचारात घेण्याजोगे आहे. तिथे दुपारी हलगी कडाडू लागते, पहिल्यांदा लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात, मग इनामाचा आकडा चढत जातो, आणि संध्याकाळी शेवटची मोठी कुस्ती जुंपते तेव्हा मैदानाभोवतीच्या प्रत्येक माणसाचे तिच्याविषयी एक ठाम मत झालेले असते. पंचाने कुस्ती बरोबरीत सोडवली तर निम्मे लोक आत घुसतात, वस्ताद फेटा काढून आपटतो, कोणाचा तरी मामा ‘पाठ टेकलीच होती’ म्हणून मातीत हात घालून जागा दाखवतो, आणि हा वाद पुढच्या जत्रेपर्यंत पारावर, एसटीत, दूध संकलन केंद्रावर पुरतो. कुस्ती दहा मिनिटांची, भांडण बारा महिन्यांचे. खेळ टिकतो तो या दुसऱ्या भागावर. कोलंबोतल्या हंगामात पहिला भाग इमानेइतबारे पार पडला आणि दुसऱ्याची तजवीजच केली गेली नाही. बांधाचे भांडण परगावी नेले आणि त्याचे चित्रण घरी पाठवले, तर कोणाला चेव येणार? शेजारी समोर हवा, त्याची भावकी हवी, साखळी धरणाऱ्याच्या हातावर आपलेपणाने लक्ष ठेवणारे चौघे हवेत.

सरतेशेवटी, उपेक्षेचे दुःख या संघाने एकट्याने वाहू नये, यासाठी पाठीराख्यांपैकी माइक डिट्का यांच्याच पूर्वचरित्राचा दाखला देता येतो. ते प्रशिक्षक असलेला शिकागो बेअर्स हा संघ १९८५च्या हंगामात सोळा साखळी सामन्यांपैकी पंधरा जिंकला, अंतिम सामन्याला महिनाभर असतानाच संघातील खेळाडूंनी आपल्या भावी विजयाचे गाणे ध्वनिमुद्रित करून बाजारात आणले, ‘रेफ्रिजरेटर’ या टोपणनावाच्या विल्यम पेरी या तीनशे पौंडांहून वजनदार गड्यास बचावफळीतून उचलून चक्क चेंडू घेऊन पळायला लावले, आणि २६ जानेवारी १९८६ रोजी, म्हणजे भारतात संचलन आटोपून जिलेबी वाटून झाल्यावर, न्यू ऑर्लिन्स येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६ विरुद्ध १० असा धुव्वा उडवला. विजेत्यांचा राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सत्कार करण्याची तिकडे पद्धत आहे. पण दोनच दिवसांनी चॅलेंजर अवकाशयानाची दुर्घटना झाली, कार्यक्रम रद्द झाला, आणि तो राहिला तो राहिलाच. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये, पंचवीस वर्षांनी, शिकागोकर असलेले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी पिकल्या केसांच्या त्या संघाला व्हाइट हाऊसमध्ये बोलावून सत्कार उरकला.

हा प्रघात प्रमाण मानला, तर पुणे मराठाजचा सत्कार २०३७ मध्ये पडतो, आणि तयारीला अद्याप पुरेसा अवधी आहे. स्थळ चेलाडी फाटा धरावे, कारण महामार्गावरून जाणाऱ्या सर्वांना फ्लेक्स दिसतो. शाल, श्रीफळ आणि फेटे यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे; प्रमुख पाहुणे उशिरा येतील हेही गृहीत आहे. फ्लेक्सवर तेहतीस शुभेच्छुकांची छायाचित्रे बसवल्यावर खेळाडूंसाठी किती जागा उरते, एवढे मात्र आधी मोजून घ्यावे लागेल, आणि ती मोजणी द्रुतगतीची फी भरूनच करावी.